नगरपरिषदेची सभा वाचायची कशी?

शहरातल्या कुठल्या गल्लीत गटार होणार, कचरा कुठे टाकला जाणार, व्यापारी संकुलातले गाळे कुणाला आणि किती वर्षांसाठी जाणार, पाणीपट्टी वाढणार की नाही, हे सगळं नगरपरिषदेच्या सभागृहात ठरतं. तरी सभेची बातमी येते ती बहुधा चार ओळींची: इतक्या विषयांना मंजुरी, दोन विषय तहकूब, विरोधकांची घोषणाबाजी. ते विषय कोणते होते आणि मंजुरी मिळाली म्हणजे पुढे नक्की काय होणार, हे त्यात नसतं. सभेतला गोंधळ दिसतो, काम दिसत नाही.

नगरपरिषद समजून घ्यायची असेल तर भाषणं ऐकण्याआधी दोन कागद वाचायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. एक सभेची विषयपत्रिका, दुसरा सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं याची लेखी नोंद. दोन्ही रुक्ष भाषेत लिहिलेले असतात. पण त्यातली नेहमीची दहा-बारा वाक्यं एकदा कळली की शहराचा कारभार उलगडायला लागतो.

आधी चौकट पाहू. महाराष्ट्रातल्या लहान आणि मध्यम शहरांचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्याने चालतो. लोकसंख्या १ लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग नगरपरिषद, ४० हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग. गावाचं शहर होऊ लागलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते आणि तिथे १७ नगरसेवक निवडून येतात. पूर्वी या संस्था पूर्णपणे राज्य सरकारच्या मर्जीवर होत्या. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, त्यांना राज्यघटनेत जागा मिळाली. मुदत पाच वर्षं ठरली, निवडणुकीसाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला आणि या संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नोंदले गेले.

ठरवणारे वेगळे, करणारे वेगळे

सगळ्यात मोठा गैरसमज असा की नगरसेवकाने मनावर घेतलं की काम होतं. कायद्याने एकट्या नगरसेवकाला काहीच मंजूर करता येत नाही. अधिकार सभागृहाला आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेल्या ठरावाला. नगरसेवक विषय सुचवू शकतो, प्रश्न विचारू शकतो, मत देऊ शकतो. तुमच्या दारासमोरचा खड्डा बुजवण्याचा हुकूम तो देऊ शकत नाही. तो कर्मचाऱ्यांना सांगतो, ते ऐकतात आणि काम होतं, हे खरं. पण ती झाली ओळख आणि पाठपुरावा, अधिकार नव्हे.

ठरावाची अंमलबजावणी करतात मुख्याधिकारी. ते राज्य शासनाच्या सेवेतले, बदली होणारे अधिकारी. कर्मचारी त्यांच्या हाताखाली, निविदा त्यांच्या सहीने, देयकांची जबाबदारी त्यांची. नगराध्यक्ष सभेचे पीठासीन असतात, कारभारावर देखरेख ठेवतात आणि मतं समसमान पडली तर त्यांचं मत निर्णायक ठरतं.

नगराध्यक्ष निवडायचा कुणी, यावर मात्र राज्याने अनेकदा विचार बदलला. २०१६ मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती नगरसेवकांकडे गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा जनतेकडे आली. हा फरक केवळ कागदावरचा नाही. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातलं बहुमत दुसऱ्या पक्षाचं, असं होऊ शकतं. मग नगराध्यक्ष सभा बोलावतात, पण ठराव त्यांच्या मनासारखे होत नाहीत. अशा शहरात कामं का अडली हे शोधायचं असेल तर भांडण कोणाचं आहे यापेक्षा कोणता विषय किती सभांमध्ये तहकूब झाला, ते पाहावं.

सभागृहाच्या खाली विषय समित्या असतात: सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण. त्यांच्यावर स्थायी समिती. शिवाय नामनिर्देशित, म्हणजे बोलीभाषेत 'स्वीकृत' नगरसेवक असतात. त्यांची संख्या निवडून आलेल्यांच्या १० टक्के किंवा ५, यांपैकी जी कमी असेल तेवढीच. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. ही जागा अनुभवी, जाणकार माणसांसाठी ठेवलेली आहे. प्रत्यक्षात ती निवडणुकीत पडलेल्यांची किंवा तिकीट न मिळालेल्यांची समजूत काढायला वापरली जाते, आणि याने शहराचं नुकसानच होतं.

विषयपत्रिका हातात आल्यावर

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. तिची नोटीस नगरसेवकांना सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एक चतुर्थांश नगरसेवकांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते, म्हणून अल्पमतातल्या गटालाही आपला विषय सभागृहापुढे आणायचा रस्ता आहे.

नोटिशीसोबत विषयपत्रिका येते. तिच्यातला एक विषय साधारण असा असतो: 'प्रभाग क्र. ४ मधील अमुक चौक ते तमुक घरापर्यंत आरसीसी गटार बांधकाम करणेच्या कामाचे अंदाजपत्रकास प्रशासकीय मान्यता देणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.' वाक्य लांबलचक आहे, पण त्यात सगळं आहे. जागा कुठली, काम कोणतं आणि कामाची पायरी कोणती. या पायरीकडे नीट बघायचं. इथे फक्त 'हे काम करायला आमची हरकत नाही' एवढंच ठरणार आहे. पैसे कुठून येणार, ठेकेदार कोण, काम कधी सुरू होणार, यातलं काहीही या विषयाने ठरत नाही.

प्रत्येक विषयामागे कार्यालयाची टिपणी असते. खरी माहिती तिथे असते: अंदाजित रक्कम, निधीचं नाव, तांत्रिक मंजुरी झाली का, आधी याच कामाचा ठराव झाला होता का. अनुभवी नगरसेवक विषय ऐकत नाही, टिपणी वाचून येतो. नवख्या नगरसेवकाला मी एकच सांगेन: टिपणी जोडलेली नसेल तर विषयावर मत देण्याआधी ती मागा आणि मागितल्याची नोंद करून घ्या.

सभेचा पहिला विषय बहुतेक वेळा 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा असतो. तो ऐकायला औपचारिक वाटतो, म्हणून हात वर होतात आणि सभा पुढे सरकते. पण मागच्या सभेत काय ठरलं याचा पुरावा म्हणजे हेच इतिवृत्त. चर्चेत एक ठरलं आणि ठरावात भलतंच लिहिलं गेलं, तर ते दुरुस्त करायची जागा हीच. एकदा ते कायम झालं की 'असं ठरलंच नव्हतं' या म्हणण्याला फारसा आधार उरत नाही. ज्या नगरसेवकाचा विरोध होता त्याचं नाव विरोधात नोंदलं आहे का, तेही इथेच तपासायचं. सभागृहात मोठ्याने केलेला विरोध इतिवृत्तात नसेल तर कागदोपत्री तो ठराव सर्वानुमते झालेला असतो.

दुसरा जपून वाचायचा शब्दप्रयोग म्हणजे 'कार्योत्तर मंजुरी'. म्हणजे काम आधी झालं, खर्चही झाला, आता सभागृहाने होकार द्यायचा. पुरात पूल खचला, पाण्याची मुख्य पाइपलाइन फुटली, पंप जळाला, तर सभेची वाट पाहत बसणं चूकच ठरेल. तातडीच्या वेळी असं करावं लागतं. पण कार्योत्तर मंजुरीच्या यादीत कार्यक्रमांचे मंडप, छपाई, फर्निचर आणि भाड्याच्या गाड्या दिसू लागल्या, तर तिथे तातडी कोणती होती हे विचारायलाच हवं.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. विषयपत्रिकेच्या शेवटी ही ओळ हमखास असते. नोटीस आधी द्यायची ती यासाठी की सदस्यांना वाचायला, माहिती काढायला, लोकांशी बोलायला वेळ मिळावा. ऐनवेळच्या विषयाला हा वेळच मिळत नाही. सभा संपत आली आहे, निम्मे लोक उठले आहेत, अशा वेळी वाचून दाखवलेल्या एका ओळीत मोठा निर्णय होऊन जाऊ शकतो. शोकप्रस्ताव, अभिनंदनाचा ठराव, आणीबाणीची गरज, यांच्यासाठी ही ओळ योग्यच. जागेचा भाडेपट्टा, ठेक्याला मुदतवाढ, जमिनीच्या आरक्षणातला बदल असे विषय त्या ओळीखाली येणं योग्य नाही. इतिवृत्त मिळालं की मी तरी ते शेवटच्या पानापासून वाचायला घ्या असंच सुचवीन.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नगरसेवक नेहमी स्वतःच्या मनाने मत देत नाही. राजकीय पक्षाच्या किंवा आघाडीच्या सदस्यांना 'महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६' लागू असतो. पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे गटनेत्याशी कार्यालयाबाहेर झालेली चर्चा कधी कधी सभेतल्या चर्चेपेक्षा जड असते.

एकच गटार तीनदा का मंजूर होतं?

लोक विचारतात, 'दोन वर्षांपूर्वी आमचं गटार मंजूर झालं म्हणून पेढे वाटले, मग झालं का नाही?' त्यांचा राग रास्त आहे, कारण 'मंजूर' हा शब्द कुठल्या पायरीसाठी वापरला हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

प्रवास साधारण असा असतो. अभियंता जागा पाहून, शासनाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो. रकमेनुसार तो स्वतः किंवा वरच्या पातळीवरचा अधिकारी तांत्रिक मंजुरी देतो. सभागृह प्रशासकीय मान्यता देतं. काम राज्याच्या योजनेतून असेल तर हा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा मंत्रालयात होतो आणि सभागृहाने फक्त प्रस्ताव पाठवलेला असतो. मग ई-निविदा निघते. निविदा उघडल्यावर आलेला दर मंजूर करायचा विषय पुन्हा सभागृहापुढे किंवा स्थायी समितीपुढे येतो. त्यानंतर करारनामा आणि कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. काम रखडलं तर मुदतवाढीचा विषय तिसऱ्यांदा येतो आणि काम वाढलं तर वाढीव खर्चाचा चौथ्यांदा. प्रत्येक वेळी बातमी 'मंजुरी' अशीच छापून येते.

म्हणून प्रश्न विचारताना 'मंजूर आहे का' असं विचारू नये. 'कार्यादेश निघाला का, कोणत्या तारखेचा, काम पूर्ण करायची मुदत किती' असं विचारावं. कार्यादेश हातात असेल तर काम खरोखर सुरू व्हायच्या बेतात आहे. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तकात मोजमापं लिहितो आणि त्यावरून देयक निघतं. शेवटी दोषदायित्व कालावधी येतो: ठरलेल्या मुदतीत रस्ता उखडला किंवा गटाराला तडा गेला, तर तो दुरुस्त करायची जबाबदारी ठेकेदाराची असते, नगरपरिषदेने नवा खर्च करायचा नसतो. ही मुदत निविदेच्या अटींत लिहिलेली असते. नवीन रस्ता पहिल्याच पावसात गेला तर सगळ्यात आधी ही अट काढून बघावी. ती न वापरता त्याच रस्त्याच्या दुरुस्तीचं नवं अंदाजपत्रक सभेत आलं, तर शहर एकाच कामाचे पैसे दोनदा भरतं आहे.

पैसा कुणाचा, खर्च कुणाच्या मर्जीने

अर्थसंकल्पाचा एकूण आकडा पाहून नगरपरिषद श्रीमंत वाटते. त्यातला मोठा भाग मात्र नाव लिहून आलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात मध्यम आणि लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. नगरोत्थान, अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना, अमृत २.०, स्वच्छ भारत अभियान, अशा योजनांचा पैसा त्या त्या कामालाच लागतो. जकात १९९९ मध्ये नगरपरिषदांमधून गेली, तेव्हापासून राज्याचं सहायक अनुदान हा मोठा आधार आहे आणि त्याचा बराच वाटा पगारांवर जातो. स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो.

उरतं काय, तर मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, विकास शुल्क. सभागृहाला खरोखर मोकळेपणाने वापरता येणारा पैसा एवढाच. म्हणून करवसुलीच्या टक्केवारीवर एवढं बोललं जातं. अनेक शहरांत पाणीपट्टीच्या वसुलीतून पंपांचं वीजबिलसुद्धा निघत नाही. अशा वेळी पाणीपट्टी वाढवायचा विषय सभेत येतो, निवडणूक जवळ असल्यामुळे तहकूब होतो आणि तूट तशीच पुढे सरकते. हा निर्णय कोणालाच आवडत नाही, पण तो टाळणाऱ्या सभागृहापेक्षा आकडे मांडून लोकांपुढे जाणारं सभागृह मला जास्त प्रामाणिक वाटतं.

मालमत्तांचं मूल्यांकन दर चार वर्षांनी नव्याने होतं, त्याला 'चतुर्थ वार्षिक आकारणी' म्हणतात. वाढीव आकारणीची नोटीस घरी आली की हरकत लेखी आणि नोटिशीतल्या मुदतीत द्यायची. मुदत गेल्यावर सभागृहात कितीही आरडाओरडा झाला तरी तुमच्या घराचा आकडा आपोआप बदलत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, ती वर्षाला २४ टक्के होते. वाद चालू असतानाही मान्य असलेली रक्कम भरून टाकणं शहाणपणाचं.

सभागृहावर कोण लक्ष ठेवतं

ठराव झाला म्हणजे तो अंतिम, असं नाही. १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ नुसार ठराव बेकायदा असेल किंवा लोकांना त्रासदायक ठरणार असेल, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. विरोधी नगरसेवक सभेत हरले की '३०८ मध्ये जाऊ' म्हणतात ते यामुळे. हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो आणि त्याचे आक्षेप सभागृहापुढे येतात. नगरपरिषदेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल तर नगरसेवकाचं पद जाऊ शकतं.

पण लक्ष ठेवायला आधी सभागृह असावं लागतं. २०२१-२२ पासून राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबत गेल्या. तिथे प्रशासक बसले, अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच. ठरवणारे आणि करणारे एकच झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधल्या आदेशानंतर अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. मधल्या काळातले निर्णय वाईटच होते असं म्हणता येणार नाही. पण ते घेताना समोर बसून 'का?' असं विचारायचा अधिकार असलेलं कुणी नव्हतं. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं घटना सांगते, आणि ती वर्षानुवर्षं न होणं ही लहान शहरांवरची मोठी अन्यायाची गोष्ट होती.

तुमचं काम सभेचं आहे का?

आधी हे तपासा. जन्म-मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी, मालमत्तेवर नाव चढवणं, बांधकाम परवानगी, यांतल्या कशासाठीही सभेच्या ठरावाची गरज नसते. ही कार्यालयाची कामं. त्यांतल्या बहुतेक सेवांना 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५' खाली मुदत ठरलेली आहे आणि ती उलटली तर अपील करता येतं. 'सभा झाल्यावर बघू' असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा.

विकास आराखड्याचं उलट आहे. तो सभागृहाच्या ठरावाने प्रसिद्ध होतो आणि तुमच्या जमिनीवर रस्ता, बाग की शाळेचं आरक्षण पडलं हे त्यात असतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत आलेली ती जाहीर सूचना ज्यांनी वाचली नाही, त्यांना पुढची कित्येक वर्षं त्या आरक्षणाशी झगडावं लागतं.

इतिवृत्त मिळवायला कोणाच्या ओळखीची गरज नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार, सभा लोकांसाठी खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं पाहता येतात का, हे संस्थेने स्वतःहून जाहीर करायचं असतं. नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर ती नसतील तर अर्ज करून ठरावाची प्रमाणित प्रत मागता येते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. अर्जात सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहिला तर 'माहिती मोघम आहे' म्हणून अर्ज परत यायची शक्यता कमी होते.

आणि गल्लीतल्या गटारासाठी, रस्त्यावरच्या दिव्यासाठी अर्ज द्यायचा असेल तर तो पावसाळ्यात देऊन उपयोग थोडा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, अर्थसंकल्पाची सभा साधारण फेब्रुवारीत होते आणि त्याची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत चालते. त्या दिवसांत गल्लीतल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज आवक-जावक टेबलावर द्यावा, आवक क्रमांक घ्यावा, त्याची एक प्रत प्रभागातल्या नगरसेवकाला आणि एक बांधकाम समितीच्या सभापतींना द्यावी. मग फेब्रुवारीच्या सभेची विषयपत्रिका मागवून त्यात आपली गल्ली कुठे आहे का ते पाहावं.